लालबागचं मेक्सिकन गाढव

ती. नलूमावशीस,

लालबागहून देविकाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, जमलं तेवढीच वाकले असं समज). गुडघे कसे आहेत? गिरगावातल्या त्या जिन्याला अजून शिव्या घालतेस ना? घालत राहा, तब्येत चांगली राहते.

शाळेत माझं स्पॅनिश कसं चाललंय, असं तू विचारलं होतंस. बुधवारपर्यंत धड नव्हतं. मुलं "ग्रासियास, बाई" (म्हणजे धन्यवाद) म्हणून हात जोडतात, यापुढे गाडी सरकेना. मुख्याध्यापिका सरदेसाईबाई म्हणाल्या, "बुधवारी काहीतरी करून दाखवा, नाहीतर जूनपासून तुमच्या तासाला स्कॉलरशिपचं गणित." मावशी, त्या पोरांना दिवसातला हाच एक तास असा मिळतो, जिथे कोणी मार्क विचारत नाही. तो जाऊ द्यायचा नव्हता. म्हणून मी गाढवाची पिन्याता ठरवली. (मेक्सिकोत वाढदिवसाला कागदाचं पोकळ जनावर खाऊने भरून टांगतात आणि मुलं डोळे बांधून ते काठीने फोडतात.)

चूक एवढीच, की गाढव मी लालबागच्या मुलांना करायला दिलं. त्यातल्या आकांक्षाचे वडील गणपतीच्या कारखान्यात डोळे रेखतात. तिने गाढवाचे असे रेखले, की वर्गात कुठेही उभं राहा, ते आपल्याकडेच मायेने बघतंय. बुधवारी सरदेसाईबाई येऊन बसल्या. मी गाढव टांगलं, मयूरच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधली, हातात काठी दिली. पोरगा जागचा हलेना.

"मार ना रे!"

"बाई, त्याचे डोळे उघडलेत. आता कसं मारणार?"

"अरे, कागदाचं आहे ते."

"आमचा गणपतीपण कागदाचाच असतो, बाई."

मी काठी स्वतःच्या हातात घेतली. तेवढ्यात मागच्या बाकांवरून आरती सुरू झाली, डबे वाजायला लागले. संपलं सगळं, असं वाटून मी सरदेसाईबाईंकडे पाहिलं, तर त्या चपला काढून टाळ्या वाजवत होत्या! शेवटी "पुढच्या वर्षी लवकर या" हे अख्ख्या वर्गाने स्पॅनिशमधून म्हटलं (आदल्या आठवड्यात तेच वाक्य मी घसा फोडून शिकवलं होतं, तेव्हा हूं की चूं नाही). तास वाचला.

अच्युतकाकांना नमस्कार.

तुझी,
देविका

ता. क. गाढव आता फोडता येत नाही, म्हणजे विसर्जन आलंच. चौपाटी तुझ्या घरापासून जवळ. रविवारी सगळा वर्ग येईल. चहा नको, पोह्यांचं बघ.

आणखी एक. तोवर ते तुझ्याकडेच राहील. पोटात राजगिऱ्याचे लाडू आहेत, काकांना कळू देऊ नकोस. हे पत्र तू त्याच्याच गळ्यातून सोडवलंस, आणि आमचे शिपाई शामराव गाढव तुझ्या दारात ठेवून एव्हाना जिना उतरलेही असतील. तेव्हा नाही म्हणायचं असेल, तर त्याच्या डोळ्यांत बघून म्हण.