एकही ठिपका नको

८ जानेवारी

आज एका घोर अन्यायाची नोंद करतो. शाश्वत वनव्यवस्थापनाच्या कार्यशाळेत भेट मिळालेली बांबूची लेखणी लिहीत नाही! झटकली, घासली, तोंडाची वाफ दिली — नाही म्हणजे नाही. शेवटी शेजारच्या वार्ताहराचं प्लास्टिकचं पेन मागून घेतलं आणि त्याच पेनाने प्लास्टिकविरोधी भाषण टिपलं.

बाकी सार असं. वनखात्याने यंदापासून 'शून्य वणवा' धोरण स्वीकारलं आहे. परदेशी निधी त्यावर अवलंबून. जंगलात कुठेही जाळ झाला की उपग्रहाला दिसतो आणि नकाशावर तांबडा ठिपका उमटतो. ठिपका नाही तर निधी. ठिपका दिसला तर खुलासा. तेव्हा जाळरेषा बंद! म्हणजे थंडीत, दव असताना, मुद्दाम जाळून मोकळा करतात तो डोंगरावरचा पट्टा. उन्हाळ्यात वणवा तिथवर आला की त्याला खायला काही मिळत नाही आणि तो मुकाट विझतो. पण उपग्रहाला शहाणा जाळ आणि वेडा जाळ यांतला फरक कळत नाही. धोरणालाही नाही.

मी हात वर करून विचारलं, "मग उन्हाळ्यातल्या आगीचं काय?"

व्यासपीठावरचे सल्लागार गोड हसले. "तो पुढच्या टप्प्याचा विषय आहे."

आग टप्प्याटप्प्याने येत असावी.

११ जानेवारी

लेक डोंगरावरच्या चौकीतून दोन दिवस घरी आली. वनरक्षक आहे, त्या डोंगराचा सगळा भार तिच्यावर. आल्या आल्या पिशवी आपटली. "झाडू! बाबा, मला झाडू पाठवलेत. जाळायचं नाही, जंगल झाडायचं!"

म्हटलं, "लहानपणी अंगण झाडायला सांगितलं की पळून जायचीस. भोग आता."

हसली नाही. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत विनोद दिसतो."

दिसत नाही, शोधावा लागतो.

२० जानेवारी

डोंगर चढून आलो. गुडघे अजून बोलताहेत, आणि सभ्य भाषेत नाही.

वस्तीतल्या बायकांनी अख्खा पट्टा खरोखरच झाडून काढला आहे. पाचोळा मात्र कुठे टाकायचा हे आदेशात नाही. तो ट्रॅक्टर नेणार, आणि ट्रॅक्टर त्या चढावर येत नाही. म्हणून पट्ट्याच्या दोन्ही कडांना कंबरेएवढे ढीग. कडकडीत वाळलेले. आगीला पंगत वाढून ठेवली आहे, फक्त "बसा" म्हणायचं बाकी!

वस्तीच्या वनसमितीच्या अध्यक्ष मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काढा फोटो, पेपरवाले! माझं घरसुद्धा मी एवढं झाडत नाही. आता पाहुणे तेवढे यायचे राहिलेत."

लेक म्हणाली, "येईल मावशी, मार्चमध्ये. आमंत्रण लागणार नाही त्याला."

बायका हसल्या. मग एकेक करून खाली बघायला लागल्या. खाली त्यांची घरं आहेत, गवताने शाकारलेली.

२१ जानेवारी

लेकीच्या वनखात्यातल्या साहेबांना भेटलो. म्हणाले, "ट्रॅक्टर मंजूर आहे."

"चढ मंजूर आहे का?"

दिलखुलास हसले. चहा मागवला. मग दार लोटून घेतलं. "तुमची मुलगी बरोबर बोलते, मला कळत नाही का? पण ठिपका उमटला की मला वरून फोन. त्यांना त्यांच्या वरून. सगळ्यात वर कोण आहे ते मलाही माहीत नाही हो. बिनठिपक्याचं जाळायची युक्ती सांगा, काडी मी ओढतो!"

माणूस वाईट नाही. वाईट असता तर निदान बातमी सरळ लिहिता आली असती.

२४ जानेवारी

बातमी छापून आली. ढीग, चढ, वस्ती — सगळं संपादकांनी गाळलं. मथळा: 'लोकसहभागातून जंगल चकाचक'. धन्य!

६ फेब्रुवारी

लेकीने जाळरेषा जाळली.

पहाटे, दवात, मावशी आणि बायकांना घेऊन. हातात ओल्या फांद्या. वस्तीच्या डोक्यावरचा खालचा अर्धा पट्टा ढिगांसकट साफ केला. एक झाड होरपळलं नाही. वरचा अर्धा उद्या करायचा होता. दुपारी ठिपका उमटला. एवढासा, म्हणे, मोहरीएवढा.

साहेब धावत वर गेले. "कोणी केलं?"

मावशी म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनी."

लेक म्हणाली, "मी."

संध्याकाळी निलंबन. या खात्यात इतकं तातडीने काही होऊ शकतं हे मला प्रथमच कळलं.

९ फेब्रुवारी

ती घरी आहे. सकाळी चहाच्या वेळी मी खात्याचा उद्धार केला. संस्कृतात, म्हणजे शेजाऱ्यांना पूजा चालू आहे असं वाटावं.

लेक कपावरून बघत होती. "बाबा, मी घरी आहे म्हणून तुम्ही खूश आहात."

"छे! हा घोर अन्याय आहे. याचा तीव्र निषेध व्हायला हवा."

"बघा. खोटं बोलताना तुम्ही अग्रलेख बोलता."

ही तोंडाला पदर लावून आत गेली. दोघी फितूर.

२ मार्च

ऊन चढलं. वारा सुटला. चौकी रिकामी — चौकशी संपेपर्यंत नवा माणूस नेमता येत नाही, आणि चौकशी करणारे अधिकारी प्रशिक्षणाला गेले आहेत. वरच्या अर्ध्या पट्ट्याचे ढीग जागच्या जागी. खात्याच्या नकाशावर तीन आठवडे ठिपका नाही. अभिनंदनाचं पत्रक निघालं!

ही पोर दिवसभर गच्चीवर, डोळ्यांना दुर्बीण.

म्हटलं, "तू निलंबित आहेस. वर पाऊल ठेवलंस तर दुसरी चौकशी लागेल."

"लागू दे. पहिलीला सोबत होईल."

हे असं बोलणं तिच्या आईकडून आलं असणार. माझ्याकडून नाही.

१० मार्च

वारा दिवसभर पडला नाही. ती जेवताना दोनदा उठली.

११ मार्च

सकाळपासून डोंगराच्या वरच्या अंगाला धूर. ती मागच्या दाराने गेली. आईला सांगून, मला नाही.

संपादकांचा फोन आला: "किती हेक्टर गेलं? तुम्ही जवळ आहात, चटकन कळवा." ठाऊक नाही म्हणालो आणि फोन ठेवला. ही दारात बसली आहे.

जंगलाचं काय व्हायचं ते होवो. हे मी लिहितो आहे, आणि खरंच लिहितो आहे. माझी मुलगी त्या आगीसमोर उभी आहे. मला फार भीती वाटते.