ईशूचे पंचवीस टक्के

१ जुलै, मंगळवार
ईशूला आज शाळेने पुन्हा अंगणवाडीत बसवलं. माझी दुसरीतली पोरगी, सात वर्षांची, अन् तीन-तीन वर्षांच्या लेकरांत. दुपारी डोकावले तर खिचडी खात होती, खुशीत. मला बघून हात हलवला. रडत असती तर बरं वाटलं असतं.
तशीच मुख्याध्यापक सरांकडे गेले. "ताई, दोन वर्ग एका खोलीत. हिला घेऊन बसलो तर बाकीचे डोक्यावर नाचतेत. विशेष शिक्षिका येतेत ना मंगळवार-शुक्रवार, एकेकाला तासभर घेतेत. पण नाव यादीत पाहिजे. त्याला अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतंय, चाळीस टक्क्याच्या वरचं." मग हळूच म्हणाले, "लईच जास्त निघालं तर मात्र वसतिगृहाच्या शाळेचं बघावं लागंल."
पुढच्या बुधवारी हिंगोलीला तपासणी आहे. माझ्या कानात फक्त वसतिगृह.

४ जुलै
शिकवणीची पोरं गेली. बारा वर्षं गावाची लेकरं घासूनपुसून काढली, तीन जण नवोदयला गेले. घरची मात्र दहापर्यंत म्हणते आणि वस्तू मोजायला सांगितल्या की बघत बसते. दिव्याखाली अंधार, असं एक बाई परवा माझ्या तोंडावर म्हणाली. चहा पाजून पाठवली तिला.
वसतिगृहात ही केस कोणाकडून विंचरून घेईल? झोपताना माझा कान धरल्याशिवाय डोळे मिटत नाही.
ठरलं. तयारी करून घ्यायची. परीक्षा म्हटलं की मला दुसरं सुचतच नाही.

७ जुलै
रंग, वार, फळं, स्वतःचं नाव, गावाचं नाव. अडली की मी आवाज न करता ओठ हलवते, ती बघून म्हणते. एका उत्तराला एक चिक्कीचा तुकडा. हे म्हणाले, "काहून येवढं रगडून राहिली तिला? डॉक्टरला जशी हाय तशी दिसू दे की." पुरुषांना काय कळतं, असं म्हणाले मी. लिहून ठेवते, मीच म्हणाले.

९ जुलै, बुधवार
कळमनुरीला गाडी बदलून हिंगोली. दोन वेण्या, निळा फ्रॉक. डॉक्टर मॅडम शांत होत्या. मी त्यांच्या खुर्चीच्या मागे उभी. एकेक चित्र दाखवलं, सुट्टीचा वार विचारला, ईशू माझ्याकडे बघे आणि धडाधड सांगे. केळं. रविवार. हिरवा. मॅडम म्हणाल्या, "अरे वा." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.
येताना तिला बांगड्या घेतल्या. गाडीत शेजारच्या म्हातारीला सगळं सांगत आले.

१८ जुलै
सर्टिफिकेट आलं. पंचवीस टक्के.
सरांनी दोनदा वाचलं. "ताई, आता माझ्या हातात काई न्हाई. चाळीसच्या खाली यादीत नाव चढत न्हाई." ईशू तेव्हाही अंगणवाडीतच होती.
घरी यांना कागद दाखवला. "पास झाली म्हून पेढे वाटू का?" म्हणाले. मग चप्पल घालून बाहेर गेले, जेवायलाही आले नाहीत वेळेवर. रागावले नव्हते, डोळे लाल होते. कोणी दुसऱ्याने केलं असतं तर मी जाऊन भांडले तरी असते. स्वतःशी कसं भांडू.

२२ जुलै, मंगळवार
विशेष शिक्षिका व्हरांड्यात भेटल्या. मी सगळं कबूल केलं, ओठांचंसुद्धा. हसल्या नाहीत. यादीत नसताना ईशूला दहा मिनिटं घेतलं. दहापर्यंत म्हणवलं, तिने खणखणीत म्हटलं. मग पुढे खडे ठेवले. "मला तीन दे बरं, बाळा." ईशूने ओंजळ भरून सगळे दिले आणि माझ्याकडे बघितलं, चिक्कीसाठी.
शिक्षिका म्हणाल्या, "आई, तुमी पाठांतर पाठवलं दवाखान्यात, लेकरू घरीच राहिलं. फेरतपासणीचा अर्ज करा. अन् ह्या खेपेला काईच शिकवू नका." वसतिगृहाचं विचारलं. "तुमच्या मर्जीशिवाय कोणी नेत नसतंय." हे मी आधी विचारलं असतं तर.

२५ जुलै
अर्ज. काय काय येत नाही ते लिहायचं. बटण लावता येत नाही. चप्पल उलटी घालते. कोणीही हात धरला की निघते. पैसा ओळखत नाही. मारलं तर कोणी मारलं सांगता येत नाही, हे लिहिताना थांबले. कोण मारतं तिला? मला तरी कुठे माहीत आहे. पान भरलं, मागच्या बाजूला लिहिलं. अक्षर मात्र सुरेख आलं, मेलं.

१४ ऑगस्ट
ताटं मांडत होते. सहज म्हणाले, ईशू, तीन वाट्या आण गं. तिने तीनच आणल्या. मोजून. ओठ हलवून, स्वतःच.
आनंद व्हायच्या आधी तारीख आठवली. बुधवारी फेरतपासणीत असंच केलं तर? वाट्या हातातून घेतल्या आणि शाबास म्हणाले नाही. ती उभीच राहिली. कुठली आई देवाला असं मागते की माझ्या लेकराला चार दिवस काही येऊ देऊ नको. मी मागितलं.

२० ऑगस्ट, बुधवार
तपासणी झाली. तयारी शून्य, चिक्की नाही. डॉक्टर मॅडमना आधीच सांगितलं, मागच्या वेळी मी खुणा करत होते. त्या म्हणाल्या, "पुष्कळ आया करतात. आता भिंतीजवळ बसा आणि खाली बघा."
बसले. ओठ दातांत धरले. फरशीवर बघत राहिले.
"हा रंग कोणता?" ईशू म्हणाली, "आई?" मी वर बघितलं नाही. पुन्हा, "आई?" पेन चालल्याचा आवाज. मग वार विचारला. मग फळ. प्रत्येक प्रश्नानंतर तिची खुर्ची माझ्याकडे वळल्याचं करकरणं ऐकू येई. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मला तीन पेन्सिली दे." टेबलावर एक वाजली. दुसरी वाजली. त्यानंतर बाहेर कोणाचं तरी बाळ रडायला लागलं, पुढचं कळलं नाही. मॅडम "बरं" म्हणाल्या. त्या बरंवरून काही समजत नाही.
कागद आठ-दहा दिवसांत मिळेल, असं खिडकीवर सांगितलं.
बाहेर बाकावर बसलो. ईशू मांडीवर चढली, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि बोटांनी ओठ उघडून आत बघायला लागली.
"आई, दुखते?"
हो म्हणाले. तिने फुंकर घातली. मग गाडीची वेळ झाली.