केसभर उतरलेला गंधार

प्रिय कविताअक्का,

जिंकलो! काय ते पुढं सांगतो. आधी हे ऐक, की मी अजून धारवाडातच आहे, पळालेलो नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘ताप आलाय काय तुला?’

तुझ्या जुन्या संगीतशाळेत कामाला लागलोय. थांब, नाव वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस. शिकायला नव्हे गं, तिथला पियानो सुरात लावायला. गोव्यात त्या म्हाताऱ्या पियानोवाल्या बाबांच्या पिशव्या उचलत फिरलो आणि तू ‘हमाल’ म्हणून चिडवलंस, ती हमालीच कामी आली. खुंटीला किल्ली लावून तार किती पिळायची हे हाताला कळतं. सुरासाठी खिशात मावणारं यंत्र आहे. स्वर उतरलेला असला की काटा डावीकडे, चढला की उजवीकडे, बरोबर बसला की हिरवा दिवा. निवेदिता मॅडम (हो, तुला शिकवणाऱ्या त्याच, आणि तशाच) ते बघून म्हणाल्या, ‘धारवाडात डब्याकडे बघून सूर लावणार? बाहेर कुणाला सांगू नकोस बाबा.’ आणि वर तंबी, की वार्षिकोत्सवापर्यंत पियानो सुरात आला नाही तर तो भंगारात जाईल, त्या जागी कीबोर्ड येईल.

तारांमध्ये घालायच्या रबरी पाचरी आणायला हुबळीला निघालो, तर मध्येच उणकलच्या तळ्यावर उतरलो. चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लं, एका काकांची बंद पडलेली स्कूटर चालू करून दिली, आणि पाचरी न घेताच परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वारी. असो.

काम सुरू केलं आणि चक्रावलोच. बिघडलेला पियानो कसाही बिघडतो, एक तार इकडे, एक तिकडे. इथं मात्र प्रत्येक सप्तकातला गंधार केसभर उतरलेला, आणि जवळजवळ सारखाच. धैवत, निषादही तसेच. काळ्या पट्ट्या बहुतेक उलट चढलेल्या. यंत्रच खुळं झालं म्हणून मी सेल बदलले. मग सहज तंबोरा छेडला आणि पियानोवर सा-ग-प वाजवला. अक्का, अंगावर काटा आला, इतका गोड! हा भीमरावअण्णांचा हात. गेल्या वर्षी वारले ते पेटीवाले, इतकी वर्षं शाळेचा पियानोही तेच लावायचे. त्यांनी तो पेटीसारखा, एका सा-ला धरून लावला होता. पांढऱ्या पट्ट्यांवर धडे गिरवणाऱ्या पोरांना अमृतच. पण पियानोवर कुठल्याही पट्टीला सा धरतात, तिथं प्रत्येक स्वराला थोडं थोडं सोसावं लागतं. मी गंधाराला सा धरून वाजवलं, तर कुत्रं विव्हळल्यासारखं! तेवढं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलं आणि किल्ली हातात घेतली.

मधलं सप्तक यंत्राच्या शब्दावर बांधलं. एका स्वराच्या तिन्ही तारा एकजीव करताना काट्याचं काही चालेना, तिथं कानच लावला. अण्णांचा गोडवा उतरवताना हात जड झाला, खोटं कशाला सांगू. काल मॅडमनी सगळ्या पट्ट्यांतून वाजवून बघितलं, झाकणावर थाप मारली आणि म्हणाल्या, ‘राहतोय हा इथंच. तूही राहा.’ मी हो म्हणालो. मी!

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. परीक्षेचा तो तुकडा तू गंधारालाच सा धरून वाजवायचीस, चार काळ्या पट्ट्यांवरून, आणि तेव्हाही पियानो अण्णांनीच लावलेला. दर वेळी त्याच जागी तुझं बोट थबकायचं. नापास झालीस तेव्हा मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, मुलीचा कान कच्चा आहे. धारवाडात, अक्का! त्यानंतर तू पियानोला शिवली नाहीस, भांडी घासताना गुणगुणणंसुद्धा बंद केलंस. काल मी मॅडमना मोबाईलवरचं ते विव्हळणं ऐकवलं आणि एवढंच म्हणालो, ‘कान कच्चा असता तर तिचं बोट थबकलंच नसतं.’ त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, ‘म्हणजे तिला ऐकू येत होतं, आणि मला नाही.’ रविवारी उत्सवाचा शेवट तुझ्या त्या तुकड्यानं व्हावा असं त्यांनी ठरवलंय. ‘मी बोलावलंय म्हणून सांगू नकोस, मी विनंती केलीय म्हणून सांग,’ असं दोनदा बजावलंय. पुण्याहून शुक्रवारी रात्रीची गाडी आहे. बोटं अडखळली तर अडखळू देत, या वेळी पियानो तुझ्या बाजूनं आहे.

तुझाच, शनिवारी स्टेशनावर वेळेआधी येऊन उभा राहणारा,
चेतन