एकोणीस मिनिटं

१४ मार्च, मंगळवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. धाकटी मान धरायला लागली का? थोरला अजून तिच्या पाळण्यात घुसून बसतो का? आई ठीक आहे. गुडघे बोलतात, पण तोंड त्यांच्याहून जास्त बोलतं. काल म्हणाली, "महिना झाला, दोघी बोलत नाही. काय वाटून घ्यायचं राहिलंय तुमचं?" मी भांडी घासत राहिले. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझ्या तक्रारीवर आमच्या एक्सप्रेस सरांनी चौकशी समितीला लेखी उत्तर दिलंय. ऑपरेशन थिएटरमधली मुख्य सिस्टर म्हणून मलाही त्याची प्रत मिळाली. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिहितात, चार वर्षांपूर्वीचं पहिलं सिझेरियन 'सर्वमान्य पद्धतीने, विनाअडथळा' झालं. आतले अवयव पुढे एकमेकांना चिकटले तो 'रुग्णाच्या शरीराच्या ठेवणीचा' भाग आहे. म्हणजे दोष तुझाच! कापलं यांनी, शिवलं यांनी, आणि ठेवण तुझी वाईट.

चार वर्षं तू पोट धरून वाकून चाललीस. सासूबाई म्हणाल्या, आम्हीही मुलं जन्माला घातली, आम्ही नाही अशा कण्हत बसलो. आमच्या जावईबापूंनी तुला मन रमवायला शिवणाच्या क्लासला घातलं. एक्सप्रेस सरांनी तपासायला दोन मिनिटं घेतली आणि गॅसची गोळी लिहून दिली. आणि मी? मी तुला सांगितलं, वजन उतरव, रोज चाल. बावीस वर्षं थिएटरात उभी राहिलेली मी तुला पोटाचे व्यायाम शिकवत होते.

दुसऱ्या वेळी त्या दुसऱ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं तेव्हा मूत्राशय गर्भाशयावर वरपर्यंत चिकटलेलं होतं आणि आतडं पोटाच्या भिंतीला. त्या एकेक पापुद्रा सोडवत होत्या. बाळापर्यंत पोचायला पस्तीस मिनिटं गेली, तरी मूत्राशय फाटलंच. धाकटी बाहेर आली ती निळसर, न रडता. त्यानंतर तू दोन आठवडे नळी लावून पडलीस. त्या बाई भल्या, त्यांनी सगळं कागदावर लिहून तुझ्या हातात दिलं. आमच्याकडे लिहायला कुणाला फुरसत असते?

खरं ते सांगते, चांगल्या हातांनी केलं तरी कधीकधी आत चिकटतं. आतल्या पातळ अस्तराला टाके घालावेत की नाही, यावर मोठमोठ्या डॉक्टरांचं अजून एकमत नाही. त्यावरून मी कुणाला दोष देणार नाही. पण काही गोष्टी नवशिकी सिस्टरसुद्धा जाणते. आतला भाग ओला ठेवायचा, कोरड्या कापडाने घासायचा नाही. साचलेलं रक्त धुऊन काढायचं. पोट बंद करण्याआधी एकदा शांतपणे आत बघायचं. यात जास्तीची पाच मिनिटं जातात, बस.

आता बोर्डाबद्दल. तुला माहीत आहेच. तू स्वतः चारचौघांत हसून सांगायचीस, "माझं सिझेरियन एकोणीस मिनिटांत, थिएटरचं रेकॉर्ड आहे." हात धुण्याच्या जागेशेजारी तो पांढरा बोर्ड होता. पहिल्या कापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत कुणाला किती मिनिटं लागली ते त्यावर मांडायचं. जिंकणाऱ्याला सगळ्यांनी चहा पाजायचा. सरांचं 'एक्सप्रेस' हे नाव तिथूनच पडलं. धावण्याची शर्यत असावी तसा पोरखेळ, आणि मैदान म्हणजे बायकांची पोटं. सहा वर्षं मी तो चहा प्याले.

महिन्यापूर्वी तू मला विचारलंस, "ताई, तू आत होतीस. काही वेगळं झालं होतं का गं?" मी म्हणाले, "नाही गं, सगळं नेहमीसारखं." तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि बाळाला घेऊन आत गेलीस. लहानपणापासून माझी चोरी तुला तोंडावरून कळते.

मी खोटं बोलले नव्हते, ठमे, तेच तर वाईट आहे. सगळं नेहमीसारखंच झालं होतं. त्या पहिल्या ऑपरेशनला मीच उभं राहावं म्हणून तू हट्ट धरलास. म्हणालीस, ताई आत असेल तर मला भीती नाही. आडव्या हिरव्या चादरीपलीकडून तू मला हाका मारत होतीस आणि मी "आहे गं, आहे" म्हणत होते. माझ्या हातात कोमट सलाईनचं भांडं तयार होतं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, कोरड्या कापडाने आतून दोनदा खसाखसा पुसलं. एका बाजूला रक्त साचलेलं मला दिसत होतं. मी भांडं पुढे केलं. ते म्हणाले, "राहू दे, सिस्टर. आज वीसच्या आत येतोय." मी भांडं खाली ठेवलं आणि सुई पुढे केली.

एक वाक्य बोलायचं होतं. सर, रक्त आहे. बस, एवढंच. दुसऱ्या कुणाची बहीण असती तरी बोलायला हवं होतं, आणि इथे तर तू होतीस. मग हातमोजे काढून मीच बोर्डावर सगळ्यात वर, रेकॉर्डच्या चौकटीत १९ लिहिलं; ते आजवर कुणी पुसलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

त्या धुण्याने तुझं सगळं टळलं असतं का, मला माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. पण ती संधी तुझी होती, आणि ती आम्ही दोघांनी मिळून घालवली.

तुझी तक्रार आली त्या दिवशी सरांनी बोर्ड पुसून टाकायला सांगितलं. मी पुसला नाही. भिंतीवरून उतरवला, चादरीत गुंडाळला आणि मेट्रनबाईंच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. त्यांनी किल्ली माझ्याकडेच दिली. सरांना कळलंय. काल माझ्या कामाच्या पाळ्या बदलल्या, उद्या आणखी काही बदलेल. बदलू दे.

गुरुवारी अकराला समितीपुढे बोर्ड घेऊन येतेय. वरचा १९ माझ्या अक्षरातला आहे, हे मीच सांगणार आहे. भांड्याचंही सांगणार आहे. समितीकडून ऐकण्याआधी तू माझ्याकडून ऐकावंस म्हणून हे लिहिलं. माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. माझ्या शेजारी बसू नकोस, समोर बस. आणि तो प्रश्न सगळ्यांदेखत मला पुन्हा विचार, अगदी त्याच शब्दांत.

धाकटीला पापा. थोरल्याला सांग, महिनाभर आली नाही तरी मावशी रागावलेली नाही त्याच्यावर.

त्या दिवशी उशाशी नाही, तुझ्या उघड्या पोटापाशी उभी असलेली,
तुझी ताई