पाट्याखालची पत्री

कळंब, ता. कर्जत
भाद्रपद वद्य दशमी, १९६७

चि. कान्हा यास भिवाजीमामाचे, तू रागावला असलास तरी, अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. भातं पोटरीला आली आहेत, म्हशीचा पाय बरा आहे, तुझी मामी तेवढी बरी नाही. म्हणजे ताप-खोकला नाही. पोस्टमन रिकाम्या हातानं पुढे गेला की जेवताना ती अर्धी भाकरी मागे सारते आणि दोष मला देते. तेव्हा आधी दोन ओळी तिला लिही आणि मग हे पत्र वाच. (नाही लिहिणार, ठाऊक आहे. वाच.)

कॉलेजसाठी रानातली झाडं गोळा करायला तू आलास तो गळ्यात पत्र्याचा डबा अडकवून. तिकडे रसायनीकडे कारखान्यांसाठी जमिनी मोजल्यापासून बांधावर वाकून बघणारा माणूस दिसला की आपले लोक सातबारा शोधायला घरात पळतात. खालच्या शेतातल्या नवशानं तुला विचारलंसुद्धा, "सायब, आमची जमीन जातंय काय?" आणि तू त्याला त्याच्या बांधावरच्या गवताचं लॅटिन नाव सांगितलंस. त्याची झोप उडाली आहे ती अजून परत आलेली नाही.

मामीनं मात्र भाच्याचं म्हणून सगळं सोसलं. तू वर्तमानपत्रांत पानं घातलीस, त्यावर तिचा पाटा ठेवलास, पाट्यावर वरवंटा ठेवलास आणि कुणी हलवायचं नाही म्हणून बजावलंस. (ते सगळं अजून तसंच आहे. उचलायची माझी छाती नाही.) तेव्हापासून आमच्या घरात चटणी वाटलेली नाही.

पण हरतालिकेला जे झालं त्यात तिचा काय दोष, तूच सांग. आदल्या दिवशी पळसदरीच्या धरणावरच्या कड्यावरून तू ते केसाळ पानांचं, निळ्या फुलांचं झाड आणलंस. असं झाड कुठल्या पुस्तकात नाही, मोठे सर बघतील तर नोकरी कायम होईल, असं म्हणताना तुझ्या तोंडात घास तसाच राहिला होता. सकाळी ते आणि बाकीचा पाला निवडून, एकेकाच्या वेगळ्या जुड्या दोऱ्यानं बांधून, पाणी शिंपडून तू सुपात मांडलास, सूप ओटीवर ठेवलंस आणि विहिरीवर आंघोळीला गेलास. आता हरतालिकेच्या सकाळी, बायका जिथं पूजेला जमतात त्याच ओटीवर, सुपात नाना तऱ्हेच्या पानांच्या जुड्या दिसल्यावर ती पत्री नाही तर काय समजायचं? शेजारची गंगाबाई म्हणाली, "मुंबयचा पोर, पण रीत जाणतो गं." मामी सुखावली. तू ओल्या पंचानं परत आलास तेव्हा तुझं झाड वाळूच्या पिंडीवर हळदकुंकवाखाली गेलं होतं, आणि ते परत घेता येईल का, असं तू विचारलंस. देवाला वाहिलेलं परत मागणारा माणूस त्या बायकांनी जन्मात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पत्री नदीत सोडली तर तू पँटीसकट मागोमाग उतरलास. हाती लागल्या त्या दूर्वा. तसाच निथळत जाऊन तू एस.टी.त बसलास. पण तुझ्या मागे काय झालं ते तुला ठाऊक नाही. अरे, पोरी हरतालिका धरतात ती चांगला नवरा मिळावा म्हणून. तिच्या पत्रीमागे कमरेएवढ्या पाण्यात धावणाऱ्या मुलाला लग्नाची किती निकड असेल, असा विचार बायकांनी नदीवरच केला आणि त्या घरी पोचण्याआधी तो गावात पोचला. आता आमच्या ओटीवर मुलींचे बाप येऊन बसतात. मी सांगतो, त्याला नवरी नको, झाड हवंय. ते समजूतदारपणे मान हलवतात. "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," असं वर मलाच सांगतात.

तुझी नोकरी त्या झाडावर अडली आहे हे मला कळतं रे, आणि मनापासून वाईट वाटतं. मी स्वतः त्या कड्यावर चढलो होतो. (मामीला बोलू नकोस.) तिथं शेळ्यांनी माझ्याआधी पूजा आटोपली होती, एक पान ठेवलं नव्हतं. तेव्हा झाडाचा नाद सोड, मामीवरचा राग सोड, आणि पितृपक्ष संपला की दोन दिवस येऊन जा. मुलीचा विषय मी घरात कुणाला काढू देणार नाही, हा माझा शब्द.

तुझा,
भिवाजीमामा

ता. क. झाड अगदीच गेलं असं नाही. गंगाबाईची भाची शेवंती (मावशीकडे राहून कर्जतच्या शाळेत शिकवते) पूजेला होती. तुझ्या निळ्या फुलांची एक जुडी तिच्या हातात आली. इतक्या निगुतीनं दोरा बांधलाय म्हणजे कुणाच्या तरी कामाची असणार, म्हणून तिनं ती वाहिली नाही. तू विहिरीवरून यायच्या आतच ती शाळेला गेली, आणि दुसऱ्या दिवशी सांगायला आली तोवर तुझी एस.टी. निघून गेली होती. मामीला विचारून विचारून तिनं ती तुझ्याच पद्धतीनं वाळत घातली आहे आणि रोज कागद बदलते. टपालानं पाठवायला मात्र तयार नाही. शिक्के मारून चुरा करतील म्हणते, ज्याची आहे त्यानं येऊन न्यावी.

ता. क. दुसरा. तू फक्त झाड बघायला येणार, मुलगी नाही, असं मी मामीला बजावलं. ती बरं म्हणाली आणि पोहे निवडायला बसली. शब्द मी दिला होता, तिनं नाही.

ता. क. तिसरा. शेवंतीनं जुडीवर ठेवलाय तो गंगाबाईचा पाटा. म्हणजे आता तिकडेही चटणी बंद. कुणाशी लग्न कर, नको करूस, पण ये बाबा आणि एक तरी पाटा मोकळा कर. तुझा मामा आळणी जेवतोय.