फाटकाबाहेरचा मामा

बेसा, नागपूर
सोमवार

आदरणीय बाबाराव मामांना भाचा अश्विनचा वाकून नमस्कार (दोन्ही हात जोडले आहेत असं समजावं, डावा दंडापासून दुखतो, कारण पुढे येईल).

तुमचा गुडघा कसा आहे? मामींची साखर? संत्र्याच्या बागेत आंबिया बहार धरला का? हर्षितचा हलणारा दात पडला असेल तर तो कुठे टाकला तेही कळवा. आई विचारते आहे. (उंदराच्या बिळात टाकायची आपली पद्धत, पण आमच्याकडे टाइल्स लागल्यापासून बीळच सापडत नाही.) आम्ही सगळे खुशाल आहोत. मी तर इतका आनंदात आहे की हे फोनवर उरकण्यासारखं नाही, शिवाय फोन तुम्ही मध्येच मामींच्या हातात देता. यमुआत्यानं तुम्हाला तिची बाजू सांगितली असेलच. ती सगळी खरी आहे. फक्त 'अश्विननं पाहुण्यांना हाकललं' एवढं खरं नाही. कोणालाही हाकललं नाही, बाहेर बसवलं.

झालं असं की माहेरी आलेल्या नंदिनीची उन्नती सात महिन्यांची झाली. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात आणि पहिला घास मामा भरवतो, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. माझा पहिला घास तुमच्याच हातचा. सदर भागातल्या फ्लेक्स छापायच्या दुकानात लागल्यापासून मी दुसऱ्यांच्याच भाच्यांचे फोटो मोठे करत आलो, आता माझी पाळी होती. चांदीची वाटी आणली. चमच्यांच्या कडा बोटानं तपासल्या आणि बाळाच्या ओठाला टोचतील म्हणून एकामागून एक परत केले, तेव्हा सराफ म्हणाला, भाऊ, चमचा हाये, वस्तरा नाही.

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीत देवाजी किराणावाल्यांच्या दोन्ही नातवंडांना गोवर निघाला. गोवराला देवी मानणारी यमुआत्या म्हणाली, माय आली हाये, दाराले लिंबाचा डहाळा लाव अन् गप राह्य. मी डहाळा लावला (उगीच वाद नको) आणि नंदिनीला व उन्नतीला घेऊन धरमपेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, गोवराची लस साधारणपणे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. म्हणजे उन्नती लसीसाठी लहान आहे, गोवरासाठी नाही. गोवराचं पोर खोकून खोलीतून निघून गेलं तरी बराच वेळ तिथल्या हवेत गोवर राहतो. मग हिनं काय करायचं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, हिनं काही नाही, तुम्ही करायचं; हिच्याभोवतीच्या सगळ्यांनी लस घेतलेली असली की गोवराला हिच्यापर्यंत यायला वाटच उरत नाही. मामा, मला आजवर वाटत होतं की लस ज्याच्या दंडात गेली त्याची. ती तर शेजारच्या पाळण्यातल्या पोरीचीही असते. स्कूटीवर परत येताना मी मान वळवून नंदिनीला हेच समजावत होतो. ती म्हणाली, समोर पाह्य, ट्रक हाये.

मग मी फ्लेक्स केला. मजकूर असा: 'चि. उन्नतीच्या उष्टावणानिमित्त गोवराची लस झालेल्या सर्व पाहुण्यांचे हार्दिक स्वागत. ज्यांची राहिली असेल त्यांनी कृपया फाटकाबाहेर बसावे. जेवण तिथेच मिळेल.' वर उन्नतीचा फोटो. (तिला काळा चष्मा आमच्या दुकानाच्या मालकांनी लावला. त्याशिवाय फ्लेक्स पूर्ण होत नाही असं त्यांचं मत आहे.) ज्यांना गोवर होऊन गेला आहे त्यांना आत यायची मुभा होती. ते मजकुरात बसलं नाही, म्हणून तोंडी सांगायचं ठरवलं.

आठ दिवसांपूर्वीच्या रविवारी मंडप उभा राहिला, आचारी आले, खिरीचा वास बेसा चौकापर्यंत गेला आणि मी फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. मंडळींनी ऐकलं, मामा. शेजारच्या मनोहररावांनी तर आपल्या नातीच्या लसीचं कार्ड सिनेमाच्या तिकिटासारखं वर धरून प्रवेश केला. मग यमुआत्या आली, कडेवर चार वर्षांचा दुर्गेश. त्याची एकही लस झालेली नाही हे मला माहीत होतं, कारण 'हसत नेलेलं पोर तापानं फणफणत आणायचं काहून' हे वाक्य आत्या दर सणाला म्हणते. मी उभा राहिलो आणि अत्यंत नम्रपणे फलकाकडे हात केला.

"काहून गा," ती म्हणाली, "माह्या नातवाले गोवर हाये का?"

"आज नाही, आत्या. पण तो परवा देवाजीच्या दुकानात गोळी आणायले गेला होता."

"लसीनं ताप येते."

"एखाद दिवस येते. गोवरात आठवडाभर येते, डोळे जातेत, छाती भरते. अन् आपली उन्नती त्याच्याहून लहान हाये."

"भावाच्या घरी आली मी, अन् हा पोट्टा मले रोडवर बसवून राहिला," असं तिनं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं आणि दुर्गेशला घेऊन बाहेरच्या खुर्चीत बसली. जेवणार नाही म्हणाली. बाबा आतून आले, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेले. नंदिनी दारात उन्नतीला घेऊन उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण ती मला उठ म्हणाली नाही. मुहूर्त जवळ आला. मी आत येऊन वाटी-चमचा हातात घेतला, तेवढ्यात मागून आत्यानं विचारलं, "अन् मामाले टोचली का गा?"

मी हसलो. सगळे हसले. मग मी आईकडे पाहिलं, आणि ती हसत नव्हती. हातातला खिरीचा डाव तसाच धरून ती म्हणाली, "नाही टोचली रे. काटोलले होतो आपण, माहेरी. राहिलेली लस द्यायले नर्सबाई आली, तू पाचेक वर्षांचा, आरडाओरडा केला. तुह्या मामाच्यानं पाहवलं नाही. त्यानं तुले खांद्यावर घेतलं अन् मागच्या दारानं बागेत पळाला. संध्याकाळी आणलं, खिसे संत्र्यांनी भरून. दुसऱ्या खेपेलाही तेच. तुले गोवरही कधी निघाला नाही." (मामा, तुमच्यावर माझा अजिबात राग नाही. ती संत्री मला अजून आठवतात. कशाच्या बदल्यात मिळाली ते तेवढं माहीत नव्हतं.)

देवाजीच्या दुकानातून रोज दूध मीच आणतो. आत्यानं फलकावरचं दुसरं वाक्य सावकाश, एकेक शब्द सोडवत, मोठ्यानं वाचलं. आता नियम माझा, अक्षर माझं, भाची माझी. मी चमचा वाटीत ठेवला, वाटी नंदिनीच्या पायाशी ठेवली आणि फाटकाबाहेर जाऊन आत्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलो.

आत्यानं मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाली, "लेका, तू तं खरंच बसला." आणि मामा, ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खुर्ची हलेपर्यंत. दुर्गेश माझ्या मांडीवर येऊन बसला. आईनं फाटकावरून दोन ताटं दिली आणि आम्ही काळ्या चष्म्यातल्या उन्नतीखाली बसून जेवलो. आत्यानं खीर दोनदा मागून घेतली. नंदिनीनं दारातूनच जाहीर केलं की घास मामाच भरवणार, आज नाही तर दोन महिन्यांनी. नऊही विषमच असतात.

बुधवारी मी, आत्या आणि दुर्गेश ऑटोनं आरोग्य केंद्रात गेलो. दुर्गेशची गाडी फार मागे आहे, सगळ्या लसी हप्त्याहप्त्यानं होतील, पण गोवराची झाली. तो रडला नाही. (मीही रडलो नाही, डोळ्यांत पाणी आलं होतं. मोठ्यांसाठीची मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन घेतली, दुसरी महिन्याभरानं आहे.) त्याला रात्री ताप आला, सकाळी उतरला, आणि आता आत्या गल्लीतल्या प्रत्येक सुनेला दारात गाठून विचारते, तुह्या पोट्ट्याले टोचली का वं? मी वर्षभर समजावून जे झालं नसतं ते तिनं पाच दिवसांत केलं. देवाजीची नातवंडंही बरी होत आहेत. उन्नतीला काही झालेलं नाही. संध्याकाळी मी अंगणात उभा राहून आमची गल्ली बघतो आणि मला असं वाटतं की घराघरातून एकेकानं उठून तिच्या पाळण्याभोवती हात धरले आहेत.

मामींना नमस्कार, हर्षितला पापा.

तुमचा,
अश्विन

ता. क. नंदिनीनं काल सांगितलं की डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्यानं उन्नती सहा महिन्यांची झाल्यापासून वरण-भात खाते आहे, केळंही. तेव्हा मी ज्या पहिल्या घासासाठी फाटकाबाहेर बसलो, तो होऊन गेलेला आहे. माझ्या घासाला तरीही पहिलाच म्हणायचं असं घरात ठरलं आहे.

ता. ता. क. मामींनी आईला फोनवर सांगितलं की हर्षितच्या लसी राहिल्या आहेत, कारण नर्सबाई आली की आजोबा नातवाला घेऊन बागेत असतात. मामा, त्याला एकदा पुढच्या दारानं न्या. संत्री जरूर द्या, पण नंतर.

ता. ता. ता. क. उष्टावणाचा नवा फ्लेक्स तयार आहे. निमंत्रकांत पहिलं नाव तुमचं टाकलं आहे. दुसरं वाक्य बदललेलं नाही. हर्षितसह तुम्हाला बाहेर बसवायची माझी हिंमत नाही, म्हणून फाटकावर मी नसेन, यमुआत्या असेल.