शाळेच्या प्लॉटवरचा गणपती

१० जानेवारी २००६, मंगळवार
क्षितिजाची रिक्षा आज पुन्हा हायवेवर अडकली. नऊ मुलं कोंबतो तो रिक्षावाला! पहिलीतली पोर – घरी आली ती ताटावरच झोपली. आणि इथे खिडकीसमोर शाळेसाठी राखीव प्लॉट पडलाय. त्यावर काय, तर बिल्डरचं डेब्रिज. नुसती चिडचिड होते.

१५ जानेवारी, रविवार
सोसायटीची मीटिंग. शाळेसाठी महापालिकेत अर्ज करायचं ठरलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या. सेक्रेटरी हरिश्चंद्रकाका म्हणाले, "तोवर बिल्डर गिळेल तो प्लॉट." मग मीच तोंड उघडलं – "गणपती बसवून टाकू. देवाला कोण हात लावतंय?" टाळ्याच पडल्या! घरी आल्यावर कौस्तुभ म्हणाला, "बायको हुशार आहे हं माझी." दिवसभर हवेत होते.

४ फेब्रुवारी
माघी गणपतीला मूर्ती बसली. संगमरवरी, भटजी बोलावून, रीतसर. डेब्रिजचा डंपर त्यानंतर फिरकलेला नाही.

२१ मार्च
पत्र्याचं छप्पर झालं. घंटाही आली. शेजारच्या हंसाबेन रोज आरतीला जातात.

१२ एप्रिल, बुधवार
शाळा मंजूर!! महापालिकेचे इंजिनिअर स्वतः येऊन गेले. पण मंदिर बघून थबकले. "सोमवारी मोजणी. जागा मोकळी लागेल, मॅडम. नाहीतर शाळा दुसऱ्या कॉम्प्लेक्सला जाईल."

१५ एप्रिल, शनिवार
मीटिंग. मी म्हटलं, मूर्ती गेटजवळ हलवू. हंसाबेन म्हणाल्या, "भगवान को उठाएगा कौन? मैं तो नहीं." काका म्हणाले, "प्राणप्रतिष्ठा झालीये, ममता. पाप कोण घेणार डोक्यावर?" वर कोणीतरी – "मुलं जातातच की रिक्षाने!" सह्या याच लोकांच्या. भयंकर राग आला. पण खरं लिहायचं तर भीती मलाही वाटतेय. बसवायची अक्कल माझीच ना!
कौस्तुभला विचारलं, तू उचलशील का? तो पेपर वाचत राहिला.

१७ एप्रिल, सोमवार
सकाळी आंघोळ करून खाली गेले. हात जोडले आणि उचलली. बरीच जड आहे. जिन्यातून वर येताना हंसाबेन दारात दिसल्या, त्यांनी दार लावून घेतलं.
मूर्ती क्षितिजाच्या टेबलावर ठेवलीय. मोजणी दहाला.